ग्रीक जलदेवतांची वंशावळ मांडताना आजोळाकडून सुरुवात करा

कागद मोठा घ्या. वहीच्या पानावर हे घराणं मावत नाही. पुस्तकांना कव्हर घालायचा खाकी कागद मी फरशीवर आडवा पसरते, चार कोपऱ्यांवर वाट्या ठेवते आणि भाचरांना भोवती बसवते. पेन्सिल, खोडरबर आणि दोन बॉलपेनं: निळं पाण्यातल्यांसाठी, लाल पुढचं जाणणाऱ्यांसाठी. दर सुट्टीत हा तक्ता नव्याने काढताना एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली आहे. लाल शाईचा माग काढत वर गेलात, तर ती फार वेळा कुणाच्या तरी आईकडून निळ्या शाईत जाऊन पोहोचते. म्हणून प्रत्येक नावाखाली आईचं नाव आधी लिहा, बापाचं नंतर.

देवांचा राजा झ्यूस याच्यापासून सुरुवात केली, तर पाण्यातली माणसं कडेला जातात. वर मधोमध गाया, म्हणजे पृथ्वी, लिहा. तिच्या डावीकडे पॉन्टस, समुद्र. प्राचीन ग्रीक कवी हेसिअड याच्या देवांच्या जन्मावरच्या ‘थिऑगनी’ काव्याप्रमाणे त्याला तिने एकटीने जन्म दिला आणि पुढे त्याच्यापासूनच तिला नेरेउस, थाउमास, फोर्किस, केटो आणि युरिबिया ही पाच मुलं झाली. उजवीकडे उरानोस, आकाश. त्याच्यापासून झालेल्या बारा टायटनांपैकी इथे दोघंच पुरेत: ओकेआनोस आणि टेथिस. हे भाऊ-बहीण, आणि नवरा-बायकोही. त्यांना तीन हजार मुली आणि तितकेच मुलगे. हे मुलगे म्हणजे नद्या. ग्रीकांच्या नद्या पुरुष आहेत, याची आपल्या कानाला सवय व्हायला वेळ लागतो. त्या सगळ्यांची नावं सांगणं माणसाला अवघड, ज्याच्या काठी जो राहतो त्याला त्याचं नाव ठाऊक असतं, असं हेसिअड म्हणतो. मला ही ओळ फार आवडते.

आता लग्नं. इथे मराठी नाती कामाला येतात, कारण ‘अंकल’ आणि ‘आंटी’ म्हणून हा गुंता सुटत नाही. नेरेउसने ओकेआनोसची मुलगी डोरिस केली, थाउमासने तिची बहीण इलेक्ट्रा. म्हणजे नेरेउस आणि थाउमास सख्खे भाऊ, शिवाय साडू. डोरिस आणि इलेक्ट्रा बहिणी, शिवाय जावा. ओकेआनोस आणि नेरेउस एकाच आईचे, तेव्हा दोघी नवऱ्यांच्या पुतण्याही लागतात. डोरिसला पन्नास मुली झाल्या, त्यांत थेटिस, अँफिट्रिटी, सामाथे. इलेक्ट्राला इंद्रधनुष्याची इरिस आणि वाऱ्यासारख्या वेगाने उडणाऱ्या हार्पी. म्हणून इरिस आणि थेटिस चुलतबहिणी आणि मावसबहिणीही.

एवढी रेघ ओढली की ‘इलियड’चं चोविसावं पर्व उघडा. झ्यूसचा निरोप घेऊन इरिस समुद्रात उडी मारते. गळाला बांधलेलं शिसं तळाला जावं तशी ती खाली जाते, आणि गुहेत थेटिस बहिणींच्या घोळक्यात बसून, मरण जवळ आलेल्या मुलासाठी, अकिलिससाठी, रडत असते. आधी मला तिथे निरोप्याच भेटायची. तक्ता काढल्यावर बहीण भेटली.

टेथिस आणि थेटिस यांत गोंधळ करू नका. टेथिस ही थेटिसच्या आईची आई, म्हणजे अकिलिसची पणजी. माझ्या पहिल्या तक्त्यात दोघी एकाच चौकटीत पडल्या होत्या आणि अकिलिस एकदम दोन पिढ्या वर सरकला होता.

आता लाल पेन. पहिली खूण नेरेउसला. हेसिअड त्याला कधी खोटं न बोलणारा, मायाळू म्हातारा म्हणतो. त्याच्या मुलींमध्ये नेमेर्टेस आहे, नावाचाच अर्थ न चुकणारी, आणि तिला बापाचं मन मिळालंय असं तो मुद्दाम सांगतो. मात्र ‘समुद्रातला म्हातारा’ हे बिरुद नेरेउस, फोर्किस आणि प्रोटेउस अशा तिघांना लागतं. बिरुदावरून चौकट करू नका, नावावरून करा.

प्रोटेउससाठी तर दोन चौकटी लागतात. ‘ओडिसी’त तो फारोस बेटाजवळचा देव. त्याची मुलगी आयडोथिआ बापाला पकडायची युक्ती स्पार्टाच्या मेनेलाउस राजाला सांगते, वाळूत खड्डे करून चौघांना सीलच्या ताज्या कातड्यांखाली झोपवते, आणि दुर्गंधी सोसवेना म्हणून प्रत्येकाच्या नाकाखाली अमृत लावते. युरिपिडीसच्या इ. स. पू. 412 च्या ‘हेलेन’ नाटकात मात्र प्रोटेउस इजिप्तचा माणूस-राजा आहे, आणि त्याची बायको सामाथे, नेरेउसची मुलगी. त्यांच्या मुलीचं लहानपणचं नाव आयडो, मोठेपणी थिओनोए. तिला आजचं आणि उद्याचं सगळं कळतं, आणि हे देणं आजोबांकडून, नेरेउसकडून आलेलं. आजोळची देणगी इतक्या स्पष्ट शब्दांत दुसरीकडे क्वचित सापडते. आणि इथेही प्रोटेउसची मुलगीच मेनेलाउसला वाचवते! दोन चौकटींमध्ये तुटक रेघ मारा, आणि प्रत्येक रेघेवर कुणाच्या सांगण्यावरून मारली ते बारीक अक्षरात लिहा. ते लिहिलं नाही, तर पुढच्या सुट्टीत तुमचाच तक्ता तुम्हाला कळणार नाही.

थिओनोएचा भाऊ थिओक्लिमेनस. ‘ओडिसी’त याच नावाचा एक द्रष्टा आहे, पण तो मेलांपस या द्रष्ट्याच्या घराण्यातला, दोघांचा संबंध नाही. त्या घराण्याची ओळख एका रेघेत होते: मेलांपसची आजी टिरो. ती एनिपेउस नदीवर भाळली, त्याचं रूप घेऊन समुद्रदेव पोसायडन तिच्याकडे आला, त्याच्यापासून तिला मुलं झाली, आणि त्या मुलांचा सावत्र भाऊ म्हणजे मेलांपसचा बाप.

आंधळा द्रष्टा फिनेउस आणि त्याचं अन्न पळवणाऱ्या हार्पी यांच्याजवळ मात्र थांबा. हार्पींना पळवून लावणारे उत्तरवारा बोरेआस याचे दोन मुलगे फिनेउसचे मेहुणे, कारण त्यांची बहीण क्लिओपात्रा त्याची पहिली बायको. आणि ते हार्पींना मारणार, तेवढ्यात आडवी कोण येते? इरिस, हार्पींची सख्खी बहीण. अपोलोनिअस कवीने रंगवलेला हा प्रसंग मुलांना वंशावळीवर बोट ठेवूनच सांगा.

तळाशी थोडी जागा राखा, तिथे इआमस येतो. पिंडार कवीच्या सहाव्या ऑलिंपियन स्तोत्रात युरोटास नदीकाठच्या पिटानेला पोसायडनपासून एव्हाड्ने झाली, आणि एव्हाड्नेला भविष्याचा देव अपोलो याच्यापासून इआमस. जन्मल्यावर तो जांभळ्या-पिवळ्या फुलांत लपलेला होता, दोन सापांनी त्याला मध भरवला. वयात आल्यावर एका रात्री तो उघड्या आभाळाखाली आल्फेउस नदीच्या मधोमध उतरला आणि त्याने हाक मारली. आधी आईच्या वडिलांना, पोसायडनला, मग बापाला. त्याच्या वंशजांनी ऑलिंपियात पिढ्यान्‌पिढ्या भविष्य सांगितलं.

ही लाल रेघ पुराणातून बाहेर पडते. इ. स. पू. 479 मध्ये इराण्यांविरुद्धच्या प्लाटाइआच्या लढाईआधी ग्रीकांसाठी कौल घेणारा टिसामेनस इआमसच्याच वंशातला. इतिहासकार हिरोडोटस सांगतो, त्याने मोबदला म्हणून स्पार्टाचं नागरिकत्व मागितलं, आणि ते त्याला मिळालं. स्पार्टा युरोटासकाठीच आहे, आणि पिटाने हे तिथल्याच एका वस्तीचं नाव. मी टिसामेनसच्या चौकटीपासून वर पिटानेपर्यंत निळ्या शाईने एक रेघ ओढते आणि मग वाट्या उचलते.