उतारवयातील बुजऱ्या कुत्र्याला जाणते घर कसे शोधून द्यावे

निवाऱ्यातील पिल्लांना घरे मिळतात, आणि शेपटी हलवत पुढे येणाऱ्या तरुण कुत्र्यालाही आज ना उद्या कोणीतरी विचारते. मागे राहतो तो आठ-नऊ वर्षांचा, माणूस दिसताच पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसणारा कुत्रा. त्याच्यासाठी घर शोधताना नेहमीची रीत उलटी करावी लागते. येथे पुष्कळ लोकांनी विचारणा करावी अशी अपेक्षाच नसते. जे विचारतील त्यांतील बहुतेकांना वेळीच आणि नम्रपणे नाही म्हणता यावे, अशी तयारी ठेवायची असते. बडोद्यात हे काम करताना ज्या गोष्टी उपयोगी पडल्या, आणि ज्या चुकांमुळे एक कुत्री आमच्याकडे परत आली, त्यांच्या आधारे पुढील क्रम सुचवीत आहे.

आधी दुखणे शोधावे, मग भीती

लसी, नसबंदी, जंतांचे औषध आणि गोचिडांचा बंदोबस्त हे तर करायचेच. परंतु उतारवयातील कुत्र्याच्या बाबतीत तेवढ्यावर थांबू नये. रक्ताच्या तपासणीतून मूत्रपिंडाची आणि यकृताची स्थिती पाहावी, गोचीडतापाची शंका असल्यास प्लेटलेट मोजून घ्याव्यात, आणि दात, कान, डोळे व मागच्या पायांचे सांधे पशुवैद्याकडून स्वतंत्रपणे तपासून घ्यावेत. अधिक तपासण्यांची गरज पडली, तर आणंदचे पशुवैद्यकीय महाविद्यालय बडोद्यापासून फार लांब नाही.

ही तपासणी आधी करण्याचे कारण असे की, दुखणे आणि भीती बाहेरून सारखीच दिसतात. आमच्याकडे तात्या नावाचा एक कुत्रा होता. तोंडावरचे केस पांढरे झाल्यामुळे स्वयंसेवकांनी त्याला हे नाव दिले होते. गळ्याच्या पट्ट्याला हात लावला की तो दात दाखवीत असे, आणि कित्येक महिने आम्ही त्याला ‘भित्रा आणि तापट’ असेच समजत होतो. पुढे एका मुलीच्या लक्षात आले की, उजवीकडून हात नेला तर तो नुसता आकसतो, पण डावीकडून नेला तर उलटतो. डाव्या कानात खोलवर जुना संसर्ग निघाला. तो आटोक्यात आल्यावर तापटपणा गेला; राहिला तो केवळ बुजरेपणा, आणि त्याच्यासाठी घर शोधणे पुष्कळ सोपे होते.

उपचारांनंतर जे उरते ते निदान तीन आठवडे वहीत लिहून ठेवावे. ‘माणसांना घाबरतो’ अशी नोंद निरुपयोगी आहे. कशाला घाबरतो, किती अंतरावरून घाबरतो आणि सावरायला किती वेळ घेतो, या तीन गोष्टी नोंदीत याव्यात. तात्याच्या वहीत ‘झाडू हातात घेतलेला दिसला, दहा पावलांवरून पळाला, वीस मिनिटे बाहेर आला नाही’, ‘हेल्मेट घातलेला पुरुष फाटकाशी, भांडे अर्धे टाकून गेला’, ‘जमिनीवर पाठ करून बसलेल्या बाईच्या टाचेचा वास घेतला, दोनदा’ अशा नोंदी होत्या. ओठ चाटणे, विनाकारण जांभई देणे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल असे तिरके पाहणे आणि अचानक थिजून जाणे या खुणाही लिहाव्यात. गुरगुरण्याबद्दल कुत्र्याला कधीही रागावू नये. गुरगुरणे बंद पडलेला कुत्रा सूचना न देता चावतो.

पशुवैद्याला भीती कमी करणाऱ्या औषधाची गरज वाटली, तर तो विषय दत्तक देण्याच्या पुष्कळ आधी उरकावा. फ्लुओक्सेटीनसारख्या औषधाचा गुण दिसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, आणि नव्या घराबरोबर नवे औषध सुरू केले की नेमका कशाचा परिणाम झाला हे कोणालाच कळत नाही.

‘अनुभवी’ कोणाला म्हणावे

या शब्दाने फार फसगत होते. ‘आमच्या बंगल्यात तीन-तीन अल्सेशियन होते’ असे अभिमानाने सांगणारे गृहस्थ खरोखर श्वानप्रेमी असतात, परंतु आपण होऊन मांडीवर डोके ठेवणारी तीन कुत्री सांभाळल्याने, न येणाऱ्या चौथ्या कुत्र्याचा अनुभव मिळत नाही. म्हणून ‘किती कुत्री पाळली’ असे न विचारता, ‘जवळ न येणारा एखादा प्राणी तुमच्या घरात कधी राहिला आहे का, आणि तेव्हा तुम्ही काय केलेत’ असे विचारावे. ‘प्रेमाने जिंकू’ हे उत्तर आले तर मी सावध होते. ‘काही केले नाही, सहा महिने तो पलंगाखालीच होता, आम्ही वाटी सरकवून आपापल्या कामाला लागत असू’ असे उत्तर आले, तर मी पत्ता विचारते. माझा स्वतःचा अनुभव असा की, वर्षानुवर्षे मांजरे सांभाळलेली माणसे या बाबतीत पुष्कळदा श्वानपालकांपेक्षा सरस ठरतात, कारण प्राण्याने आपली दखल न घेण्याची त्यांना सवय असते.

घरात शांत स्वभावाचा दुसरा कुत्रा असेल तर ते सहसा उपकारक ठरते. बुजरा कुत्रा माणसाकडे पाहण्याआधी त्या कुत्र्याकडे पाहून शिकतो. लहान मुलांचे घर, सतत पाहुण्यांचा राबता असलेले घर आणि दिवसभर कुलूप असलेले घर मात्र टाळावे.

जाहिरात अशी लिहावी की फोन कमी यावेत

लग्नाच्या स्थळाची माहिती देताना जी थोडीफार झाकपाक चालते, ती येथे चालत नाही. गोंडस छायाचित्र आणि ‘याला फक्त तुमचे प्रेम हवे आहे’ असे वाक्य टाकले की दोन दिवसांत चाळीस फोन येतात आणि त्यांतील एकही उपयोगाचा नसतो. आम्ही तात्यासाठी शेवटी लिहिलेला मजकूर साधारण असा होता: ‘वय अंदाजे नऊ. नर, नसबंदी झालेली. हात लावू देत नाही; पहिले काही महिने देणारही नाही. माणसे खोलीबाहेर गेल्यावर जेवतो. डाव्या कानाला औषध लागते. पट्टा पकडल्यास दोन वेळा दात लावले आहेत, रक्त आलेले नाही. लहान मुले नसलेले, रोजचा दिनक्रम ठरलेला असलेले घर हवे.’ या मजकुरावर पाच फोन आले, आणि त्यांतील दोघांनी वहीतली नोंद वाचायला मागितली.

दात लावल्याचा उल्लेख टाळण्याचा मोह होतो. त्याआधी एका कुत्रीच्या वेळी मी तो टाळला होता. नव्या घरातील आजोबांनी तिला पलंगाखालून ओढून काढले, हाताला जखम झाली, रेबीजची इंजेक्शने झाली आणि चौथ्या दिवशी कुत्री परत आली. त्यात दोष आजोबांचा नव्हता.

जाहिरात कोठे द्यावी, हे थोडक्यात सांगता येईल. पशुवैद्यांचे दवाखाने, नियमाने रस्त्यावरच्या कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्यांचे व्हॉट्सअॅप गट, दांडिया बाजार-रावपुऱ्याकडील ओळखीची मराठी मंडळी आणि कमाटीबागेत रोज सकाळी फिरायला येणारे लोक एवढे पुरते. ज्यांचे म्हातारे कुत्रे वर्ष-दीड वर्षापूर्वी गेले आहे आणि ज्यांच्या घरात गोळ्या भरवण्याची सवय अजून मोडलेली नाही, अशी घरे पशुवैद्यांना ठाऊक असतात. पशुवैद्यांकडे आपला नंबर देऊन ठेवावा आणि फोन त्या घरांनी करावा. आपण करू नये.

घर पाहायला जावे

फोनवर जुळले तरी घर पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. भाड्याचे घर असल्यास मालकाची लेखी संमती घ्यावी. सोसायटीने आक्षेप घेतल्यास, पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलेले आहे. परंतु भांडण करून मिळवलेल्या घरात बुजरा कुत्रा सुखाने राहत नाही, म्हणून शेजाऱ्यांशी आधीच बोलून घेणे बरे.

बडोद्यात स्वयंपाकघराचा प्रश्न हमखास निघतो. घर शाकाहारी असेल तर तो नकार समजू नये. विकतचे तयार खाद्य, दही-भात, पनीर आणि चालत असल्यास अंडे, यांवर पशुवैद्याच्या सल्ल्याने आहार बसवता येतो. प्रश्न फक्त कुत्रा आजवर उकडलेल्या कोंबडीवर वाढला आहे का आणि औषध कशात लपवायचे, एवढाच असतो. कांदा, लसूण, मनुका आणि चॉकलेट मात्र कोणत्याही घरात देऊ नये, हे तेथेच सांगून टाकावे.

घरात शिरल्यावर आधी दारे पाहावीत. बुजरा कुत्रा पहिल्या पंधरवड्यात पळतो, आणि पळतो तो दूधवाला किंवा कुरियरवाला आल्यावर उघड्या राहिलेल्या दारातून. फाटक आणि घराचे दार अशी दोन दारे एकामागे एक असतील तर उत्तम. फरशी गुळगुळीत असेल तर सांधे धरलेला कुत्रा तिच्यावर चालायलाच घाबरतो. वाटेवर जुन्या सतरंज्या अंथरल्या की काम भागते. तळमजला जिन्याच्या दृष्टीने बरा, परंतु ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी घराघरांत शिरले होते हे लक्षात ठेवून, नदीच्या पट्ट्यातील तळमजल्यावर राहणाऱ्यांना ‘पाणी आले तर याला वर कसे न्याल’ हा प्रश्न विचारावाच. ज्या कुत्र्याला हात लावता येत नाही, त्याला गुडघाभर पाण्यातून उचलून नेता येत नाही. पिंजऱ्यात आपण होऊन शिरण्याची सवय आधीच लावलेली असेल, तर या प्रश्नाला उत्तर मिळते.

भेटी आणि मुहूर्त

इच्छुक कुटुंबाने निवाऱ्यात किमान पाच-सहा वेळा यावे. पहिल्या भेटीत कुत्र्याकडे पाहायचेही नाही. त्याच्याकडे पाठ किंवा कूस करून जमिनीवर बसावे, वर्तमानपत्र वाचावे, जाताना थोडे खाणे मागे टाकून निघावे. तात्याला नेणाऱ्या काकू अकरा वेळा आल्या. सातव्या वेळी तो त्यांच्या पिशवीचा वास घेऊन परत गेला आणि काकूंनी पान उलटले, मान नाही. मी तेव्हाच कागद तयार करायला घेतले.

नेण्याची तारीख शहराचे कॅलेंडर पाहून ठरवावी. गणपतीचे ढोल आणि डीजे, मागोमाग नऊ रात्री गरब्याचे लाउडस्पीकर, मग दिवाळी, लग्नांच्या वराती, आणि १४ व १५ जानेवारीला उत्तरायणात गच्चीगच्चीवरून पिपाण्या, आरोळ्या व संध्याकाळी फटाके. ऑगस्टअखेरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत बडोद्यात भित्र्या कुत्र्याला सलग शांतता क्वचितच मिळते. एप्रिल-मे महिन्यांत माणसे गावाला जातात. म्हणून वासी उत्तरायण, म्हणजे १५ जानेवारीचा दुसरा दिवस, संपल्यानंतरचा जानेवारीचा शेवटचा आठवडा मला सर्वांत योग्य वाटतो. होळीपर्यंत हाताशी काही शांत आठवडे मिळतात. आधीच्या काळात द्यावेच लागले, तर कुत्र्याला पशुवैद्याने सुचवलेले औषध आणि एक बंद, आतली खोली या दोन्हींची सोय झाल्याशिवाय देऊ नये.

पाठवणी आणि नंतर

प्रवासात हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) आणि गळ्याचा पट्टा असे दोन्ही घालून दोन वेगळ्या दोऱ्या बांधाव्यात, कारण घाबरलेला कुत्रा मागे सरकून एका पट्ट्यातून सहज निसटतो. गळ्यात फोन नंबर असलेला बिल्ला असावा. त्याची निवाऱ्यातली गोधडी न धुता बरोबर द्यावी. नव्या खोलीत ओळखीचा वास तेवढाच असतो. पहिले तीन दिवस एकाच खोलीत पाणी, अन्न आणि लपायला जागा द्यावी आणि अंघोळ, पाहुणे, नातेवाइकांना व्हिडिओ कॉल यांतले काही करू नये. फिरायला नेण्याची घाई तर मुळीच नको.

दोन महिने कच्ची पाठवणी ठेवावी, म्हणजे कुत्रा कागदोपत्री निवाऱ्याचाच राहावा आणि औषधांचा खर्च कोणी करायचा हे आधी ठरलेले असावे. करारात एक कलम ठळकपणे असावे: कोणत्याही कारणाने जमले नाही, तर कुत्रा दुसऱ्या कोणाला न देता, रस्त्यावर न सोडता, आमच्याकडेच परत आणावा, आणि त्याबद्दल कोणी काही बोलणार नाही. हे शेवटचे वाक्य आम्ही तोंडीही सांगतो, कारण शरमेपोटी लोक कळवत नाहीत आणि उशीर होतो.

पाठपुराव्याच्या फोनवर ‘रुळला का?’ असे विचारू नये. समोरचा माणूस ‘हो’ म्हणतो. काल कोठे झोपला, भांडे कोणी खोलीत असताना संपले का, कोणता आवाज ऐकून उठला, असे विचारावे. पहिल्या आठवड्यात रोज, महिनाभर आठवड्यातून एकदा, आणि पुढे शहराचा गोंगाटाचा एक संपूर्ण फेरा पार पडेपर्यंत प्रत्येक सणानंतर फोन करावा. तात्यासाठीचा शेवटचा फोन पुढल्या वर्षी १६ जानेवारीला झाला. उत्तरायणाचे दोन्ही दिवस तो न्हाणीघरात बादलीमागे होता, दुसऱ्या रात्री अकराच्या सुमारास बाहेर आला आणि काकू तेथेच पाटावर बसलेल्या असताना जेवला. झाडू अजून दाराआड ठेवावा लागतो, असे त्या म्हणाल्या.