गेमच्या व्हिलनवर ट्रू क्राइम बनवताय? मग या चुका टाळा

गेमच्या व्हिलनला ट्रू क्राइमच्या, म्हणजे खऱ्या गुन्ह्यांची चौकशी मांडणाऱ्या पॉडकास्टच्या, पिंजऱ्यात उभं करायची आयडिया भारीच आहे, पण असे एपिसोड ऐकून बघा, सुरुवातीला घाबरवणारं म्युझिक, मग "त्या रात्री गावात कोणालाच कल्पना नव्हती" टाईपचं एक वाक्य, आणि पुढे पाऊण तास नुसती गेमची स्टोरी, जी विकीवर वाचली तरी तेवढीच कळते. केस कुठेच उभी राहत नाही. ट्रू क्राइममध्ये मजा असते ती कोणी बघितलं, कोण सांगतंय, त्याला खोटं बोलायचं काही कारण आहे का, या प्रश्नांची. आणि गेममध्ये हे सगळं असतंच, चिठ्ठ्या, टेप, भिंतीवर खरडलेलं काहीबाही, आपणच त्याच्यावरून धावत पुढे जातो.

(स्पॉयलर, म्हणजे कथेतली गुपितं फोडणाऱ्या गोष्टी, भरपूर आहेत. फायनल फँटसी ६ आणि ७, पोर्टल, बायोशॉक, अंडरटेल यातलं काही खेळायचं राहिलं असेल तर आधी खेळून या.)

हिरो बोलला म्हणजे खरं

ही सगळ्यात मोठी चूक. फ्लॅशबॅक दिसला की लोक तो सीसीटीव्ही फुटेज असल्यासारखा वापरतात. फ्लॅशबॅक म्हणजे जबाब आहे हो, कोणीतरी दिलेला.

१९९७ चं फायनल फँटसी ७ घ्या. निबलहाइम गाव व्हिलन सेफिरॉथने जाळलं, ही पाच वर्षांपूर्वीची घटना आपल्याला हिरो क्लाउड सांगतो, आणि सांगताना म्हणतो की मी तेव्हा सोल्जर फर्स्ट क्लास, म्हणजे शिनरा कंपनीच्या खास दलातला वरच्या दर्जाचा सैनिक, होतो, सेफिरॉथच्या बरोबरीने गेलो होतो. पुढे कळतं की ती जागा झॅक नावाच्या दुसऱ्याच सैनिकाची होती आणि क्लाउड हा तोंड झाकलेला साधा शिपाई होता. म्हणजे मुख्य साक्षीदार घटनास्थळी होता, पण स्वतःबद्दल चुकीचं सांगतोय, आणि मुद्दाम नाही, त्याची आठवणच तशी झालीये. दुसरी साक्षीदार क्लाउडच्या गावातली मैत्रीण टिफा, तिला हे ऐकतानाच खटकतं पण ती गप्प बसते. त्यात शिनरा कंपनीने काय केलं, तर जळालेलं गाव जसंच्या तसं परत बांधलं आणि त्यात रहिवासी म्हणून नट आणून बसवले, म्हणजे तुम्ही चौकशीला गेलात तर गावकरी सांगणार, आग? कसली आग? एवढा मसाला असताना लोक एपिसोड "सेफिरॉथ वेडा का झाला" यावर काढतात, काय बोलायचं.

उपाय सोपा आहे. स्क्रिप्ट लिहायच्या आधी प्रत्येक घटनेसमोर लिहा, हे कोणी सांगितलं, तो स्वतः तिथे होता का, आणि गेमने नंतर ते खोडून काढलंय का. निम्मी स्क्रिप्ट तिथेच बदलते.

सगळे खून एकाच्याच खात्यात

व्हिलन एक ठरला की त्या गेममधला प्रत्येक मृतदेह त्याच्या नावावर टाकायचा, हा आळस आहे. पर्सोना ४ मध्ये तर पोलिसांनीच तो केला. आधी टीव्हीवरची अनाउन्सर मायुमी यामानो, मग शाळकरी मुलगी साकी कोनिशी, मग शिक्षक मोरोओका. तिसऱ्या खुनात मित्सुओ कुबो पकडला गेला, त्याने तिन्ही खून मीच केले म्हणून कबुली दिली आणि सगळ्यांना वाटलं संपलं. पण मोरोओका टीव्हीवर कधी झळकलाच नव्हता, बाकीच्या बळींचा पॅटर्न त्याला लागूच होत नव्हता. कुबो नक्कल करणारा होता आणि प्रसिद्धीसाठी बाकीचे खून अंगावर घेत होता. खरा आरोपी कोण ते इथे लिहीत नाही, तेवढं तरी खेळणाऱ्यांसाठी राहू दे.

याच्याच जवळची दुसरी गडबड म्हणजे हात कोणाचा आणि हुकूम कोणाचा हे न बघणं. फायनल फँटसी ७ मध्ये क्लाउडची साथीदार एरिथ हिला मारणारा दिसायला सेफिरॉथ आहे, पण खरा सेफिरॉथ तेव्हा उत्तरेच्या क्रेटरमध्ये, आणि समोर असतं ते त्याचं रूप घेतलेलं, जेनोव्हा या परग्रहावरच्या जीवाचं शरीर. बायोशॉकमध्ये (२००७) समुद्राखालचं शहर उभारणारा अँड्र्यू रायन याला गोल्फ क्लबने मारतो जॅक, म्हणजे आपण. जॅकला एका ठराविक वाक्यावर हुकूम पाळायची सवय लावलेली असते, तिचा फायदा इतका वेळ उठवत असतो अ‍ॅटलस बनून बोलणारा फ्रँक फाँटेन, आणि शेवटी ते वाक्य उच्चारून 'मार' म्हणणारा खुद्द रायन. आता यात आरोपी नंबर एक कोण? यावर अख्खा एपिसोड होतो, पण "रायन मेला, मग फाँटेन उघडा पडला" एवढ्या एका ओळीत लोक हे उडवतात.

आरोपीच्या गोड बोलण्यात अडकणं

काही व्हिलन इतके मजेशीर असतात की लिहिणारा फॅन होऊन बसतो. पोर्टलमधली बोलणारी एआय ग्लॅडोस हे त्याचं उदाहरण. तिचे टोमणे टाकून टाकून एपिसोड भरतो आणि तिने केलं काय हे राहूनच जातं. पहिल्या पोर्टलच्या शेवटच्या लढाईत ती स्वतः सांगते की तिने प्रयोगकेंद्रात विषारी वायू सोडला होता आणि म्हणून तिला मोरॅलिटी कोर, म्हणजे तिला आवरणारा सद्सद्विवेकाचा भाग, लावला, म्हणजे ही सरळ कबुली आहे, तीसुद्धा न मागता दिलेली! पोर्टल २ मध्ये मग कळतं की हिच्या आत कॅरोलाइन नावाची बाई आहे आणि तिला मशीनमध्ये घाला हा आदेश कंपनीचा मालक केव्ह जॉन्सनचा. तर आरोपी हीच आधी कोणाची तरी बळी आहे का, आणि कंपनीची जबाबदारी किती, हा भाग टोमण्यांपेक्षा जास्त वेळ मागतो.

वेडा, सायकोपॅथ असली लेबलं लावतानाही जरा दमानं. व्हिलन केफ्काचं (फायनल फँटसी ६, १९९४) डोकं मॅजिटेकच्या, म्हणजे माणसात जादू भरण्याच्या, प्रयोगात फिरलं असं सगळे ठामपणे सांगतात, पण गेममध्ये ही माहिती येते व्हेक्टर शहरातल्या एका माणसाच्या गप्पांमधून. ऐकीव आहे, आणि ऐकीव म्हणूनच सांगा, उलट ऐकायला जास्त भारी वाटतं.

टाइमलाइन जुळतच नाही

हा प्रॉब्लेम आला की बहुतेक वेळा कारण एकच, वेगवेगळ्या ठिकाणची माहिती एका भांड्यात ओतलेली असते. फाइव्ह नाइट्स अ‍ॅट फ्रेडीजमध्ये हे फार होतं. पहिल्या गेममध्ये (२०१४) भिंतीवरच्या बातम्यांतून एवढंच कळतं की मुलं गायब झाली, एकाला पकडलं, मृतदेह मिळाले नाहीत. विल्यम अ‍ॅफ्टन हे खुन्याचं नाव आधी कादंबरीत आलं, आणि त्या कादंबऱ्या गेमच्या कंटिन्युइटीपेक्षा वेगळ्या आहेत हे बनवणाऱ्यानेच सांगितलंय. वरून फॅन थिअरी. तिन्ही एकत्र करून "पुराव्यांवरून सिद्ध होतं की" म्हणायचं आणि मग कमेंटमध्ये मार खायचा.

रेसिडेंट ईव्हिलचं दुखणं अजून वेगळं. १९९६ च्या पहिल्या गेममध्ये जिलच्या बाजूने खेळलात तर बॅरी भेटतो, क्रिसच्या बाजूने खेळलात तर रेबेका. पुढच्या गेम मात्र धरून चालतात की चौघंही वाचले. म्हणजे अधिकृत घटनाक्रम तुम्ही खेळलेल्या कुठल्याच एका रूटशी जुळत नाही! त्यामुळे त्यांचा गद्दार कॅप्टन वेस्कर याची केस लिहिताना "हे जिलच्या रूटमध्ये दिसतं" असं स्पष्ट म्हणा, आणि जुलै १९९८ चं मॅन्शन प्रकरण ते १ ऑक्टोबर १९९८ ला रॅकून सिटी मिसाइलने उडवली तिथपर्यंतच्या तारखा वेगळ्या कागदावर मांडून घ्या. बायोशॉकच्या ऑडिओ डायऱ्याही आपल्याला घडल्या क्रमाने नाही, लेव्हलच्या क्रमाने सापडतात, त्या सापडल्या तशाच वाचत गेलात तर ऐकणाऱ्याचा पार गोंधळ उडणार.

मेलेल्यांची नावंच नाहीत

एपिसोड थंड वाटतोय, कोणाला काही वाटत नाहीये, अशी तक्रार असेल तर बघा, बळींना किती मिनिटं दिलीत. फायनल फँटसी ६ मध्ये डोमा किल्ल्याच्या पाण्यात केफ्का विष घालतो, त्याच्याच बाजूचा जनरल लिओ निघून गेल्यावर, आणि आत आपलेच सैनिक कैदेत आहेत हे सांगितल्यावरही थांबत नाही. डोमाचा योद्धा सायन याची बायको आणि मुलगा त्यात जातात. ही केस सायनच्या घरातून सुरू करा, केफ्काच्या हसण्यातून नको, बास, तेवढ्याने फरक पडतो. बायोशॉकमधल्या जॅस्मिन जोलीनचंही तेच, रायनवरच्या एपिसोडमध्ये तिचं नाव येतं का बघा जरा. त्याने स्वतःच्या हाताने केलेला खून आहे तो.

खऱ्या केस आल्या की

एल ए नॉयर (२०११) मध्ये १९४७ चं ब्लॅक डालिया हे खरं खून प्रकरण येतं आणि गेम खुनी दाखवून मोकळा होतो. प्रत्यक्षात ते प्रकरण आजही सुटलेलं नाही. जॅक द रिपर असलेल्या गेमचंही तसंच, १८८८ मध्ये व्हाइटचॅपलमध्ये खरंच बायका मारल्या गेल्या. इथे काल्पनिक भाग कुठे सुरू होतो ते मोठ्याने सांगायचं, आणि थट्टेचा सूर तेवढ्यापुरता बंद. यावर वाद घालायची माझी तयारी नाही.

आणि खेळणारा?

हे बहुतेक जण विसरतात. व्हिलनने चार मारले म्हणून आवाज खाली आणायचा, आणि हिरोने वाटेत शेकडो आडवे केले त्याचा उल्लेखच नाही, मग कोणीतरी कमेंटमध्ये विचारतंच. दोन मार्ग आहेत. एक तर सुरुवातीलाच सांगून टाका की लढाईतले मृत्यू आपण मोजत नाही, फक्त कथेत खून म्हणून आलेले मोजतो. किंवा सरळ अंडरटेल (२०१५) घ्या, जिथे सॅन्स नावाचं पात्र शेवटी सांगतं की लढून मिळणारे ईएक्सपी म्हणजे एक्झिक्यूशन पॉइंट्स आणि लव्ह म्हणजे लेव्हल ऑफ व्हायोलन्स. जेनोसाइड रूट, म्हणजे सगळ्यांना मारत जाण्याचा मार्ग, पूर्ण केला की नंतर चांगुलपणाने खेळून मिळवलेला शेवटही बिघडलेलाच येतो, म्हणजे पुरावा रीसेट करूनही जात नाही. अशा एपिसोडमध्ये आरोपीचं नाव शेवटपर्यंत दाबून ठेवू नका, पहिल्या पाच मिनिटांत "तुम्ही" म्हणा आणि मग सॅन्सला साक्षीला बोलवा, कारण त्याला आधीच्या रीसेटचा वास लागलेला असतो.