वायफाय कोपऱ्यातल्या खोलीत पोहोचत नाही? पुठ्ठा आणि फॉइल घेऊन बसा

घरातल्या कुठल्याही वस्तूने राउटरची ताकद वाढत नाही. पण भिंतीकडे फुकट जाणाऱ्या लहरी हव्या त्या खोलीकडे वळवता येतात, आणि बऱ्याच घरांत तेवढ्यानेच काम होतं. नवा राउटर घेण्याआधी एक संध्याकाळ यासाठी काढा.

आधी मोजा

ही पायरी गाळू नका, नाहीतर फरक पडला की पडल्यासारखा वाटला हे कधीच कळणार नाही. सिग्नल डीबीएममध्ये (सिग्नलची ताकद मोजायचं एकक) दाखवणारं अ‍ॅप फोनवर घ्या. आकडा उणे असतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६७ च्या आसपास व्हिडिओ कॉल निभतो, उणे ८० ला सगळं अडखळतं. आकडा ३ ने सुधारला तर पोहोचणारी शक्ती दुप्पट झाली असं समजा. फोन दर वेळी त्याच टेबलावर, तसाच ठेवून मोजा. आपलं शरीरही लहरी शोषतं. अ‍ॅप मिळालं नाही तर स्पीड टेस्ट तीनदा करून आकडे लिहून ठेवा.

मग राउटर हलवा

टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटावर, आरशाजवळ किंवा माशांच्या टाकीशेजारी राउटर ठेवला असेल तर आधी तिथून काढा. धातू आणि आरशाचा मुलामा लहरी परतवतो, पाणी त्या गिळतं. मायक्रोवेव्ह ओव्हनही वायफायच्याच २.४ गिगाहर्ट्झ या लहरींच्या पट्ट्याच्या आसपास चालतो, त्याच्यापासून लांबच बरं. राउटर उंचावर, मोकळ्यावर, शक्यतो घराच्या मध्यावर ठेवा. अँटेना उभी ठेवा: तिच्या लहरी आडव्या चहूकडे पसरतात, टोकाच्या दिशेने फारशा जात नाहीत. म्हणून अँटेनाचं टोक खोलीकडे रोखून काही मिळत नाही. वरच्या मजल्यावर पोहोचायचं असेल तर मात्र एक अँटेना आडवी करून बघा.

आता परावर्तक

२०१७ साली अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या संशोधकांनी धातूचा पातळ थर दिलेले खास आकाराचे परावर्तक राउटरभोवती लावून सिग्नल हवा तिकडे वाढवून आणि नको तिकडे रोखून दाखवला होता. आपली घरगुती आवृत्ती त्यापेक्षा साधी आहे.

२८ सेंमी लांब आणि २० सेंमी उंच पुठ्ठा कापा. एका बाजूला अ‍ॅल्युमिनियम फॉइल चिकटवा; बारीक सुरकुत्या राहिल्या तरी चालतील, फाटायला मात्र नको. पुठ्ठ्यावर उभ्या हलक्या घड्या पाडत तो असा वाकवा की दोन्ही कडांमधलं अंतर २४ सेंमी आणि मधला खोलगटपणा ६ सेंमी होईल. वाक शक्य तितका परवलयासारखा, म्हणजे डिश अँटेनाच्या वाटीसारखा ठेवा. या मापात गंमत अशी की परवलयाचा नाभीबिंदू, म्हणजे जिथून निघालेल्या लहरी परावर्तित होऊन सरळ एकाच दिशेने जातात ती जागा, नेमका तोंडाच्या रेषेत येतो. म्हणजे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत दोरा ताणला तर अँटेना त्या दोऱ्याच्या मध्यावर हवी. दोऱ्यानेच आकार धरून ठेवा आणि फॉइलची बाजू कमजोर खोलीकडे करून पुठ्ठा अँटेनामागे उभा करा.

अँटेना डब्याच्या आत असेल तर पुठ्ठा अख्ख्या राउटरमागे ठेवा आणि अ‍ॅपवर नजर ठेवत एकेक सेंटिमीटर पुढे-मागे सरकवा. २.४ गिगाहर्ट्झची लहर जेमतेम १२.५ सेंमीची असते, त्यामुळे दोन बोटं सरकवूनही आकडा बदलतो. घाई करू नका.

राउटर फॉइलमध्ये गुंडाळू मात्र नका. सिग्नल कोंडतो आणि राउटर तापतो. हवेची भोकं मोकळी ठेवा, फॉइल वायरी आणि अ‍ॅडॉप्टरपासून दूर ठेवा. आणखी एक, पुठ्ठ्यामागच्या खोलीत सिग्नल घटणार हे घरातल्यांना आधीच सांगा.

आकडा हलला नाही तर

लांबच्या खोलीत ५ ऐवजी २.४ गिगाहर्ट्झचं नेटवर्क निवडा, ते भिंतींतून जास्त पार जातं. २.४ वर शेजाऱ्यांची गर्दी दिसत असेल तर राउटरच्या सेटिंगमध्ये १, ६ किंवा ११ यांपैकी मोकळा चॅनेल (त्या पट्ट्यातला उपभाग) घ्या. मध्ये जाड काँक्रीटच्या दोन भिंती असतील तर पुठ्ठा हरतो. तिथे केबल ओढून त्या खोलीत दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट (केबलवरून नेट घेऊन वायफाय देणारं उपकरण) लावावा. आणि आकडा उणे ५५ असूनही नेट रखडत असेल तर लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडून बघा. तिथेही तीच रड असेल तर दोष घरात येणाऱ्या लाइनमध्ये किंवा राउटरमध्येच आहे.