अमुक थोर माणूस होमिओपॅथी घेत असे: हा दावा कसा तपासायचा

‘डार्विन होमिओपॅथीनं बरे झाले’, ‘गांधीजी होमिओपॅथीला अहिंसक उपचार म्हणत’. अशा वाक्यांच्या याद्या सगळीकडे फिरतात. त्यांतली काही नावं पक्की आहेत, काही अर्धीच खरी, आणि काहींच्या मागे कागदाचा कपटाही नाही. लेखात, भाषणात किंवा दवाखान्याच्या माहितीपत्रकात असं नाव घालण्याआधी एका नावासाठी एक-दोन तास तरी काढा. उलटीकडून, होमिओपॅथीवर टीका करणाऱ्यांनीही हेच करायला हवं, कारण विरोधाची वाक्यंही तितक्याच सहज गळ्यात मारली जातात.

सुरुवात सनावळीपासून करा. पाच मिनिटांचं काम आहे आणि त्यात बरीच नावं गळतात. होमिओपॅथीचे जनक सॅम्युएल हानेमान यांचा जन्म 1755चा. सिंकोनाच्या सालीचा प्रयोग त्यांनी 1790मध्ये स्वतःवर केला, ‘समानानं समान बरं होतं’ हे तत्त्व मांडणारा निबंध 1796मध्ये आला आणि ‘ऑर्गेनन’ या त्यांच्या मुख्य ग्रंथाची पहिली आवृत्ती 1810मध्ये. म्हणजे 1796च्या आधी वारलेल्या कुणीही होमिओपॅथी घेतलेली असणं शक्य नाही. स्विस वैद्य पॅरासेल्सस 1541मध्ये वारले. त्यांच्या लिखाणात मिळताजुळता विचार सापडतो असं म्हणता येईल, पण ते होमिओपॅथीची औषधं देत असं लिहिलंत तर चूक ठरेल.

आता वाक्यातलं क्रियापद पाहा. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. औषध घेतलं, विश्वास ठेवला, स्वतः औषधं वाटली, पैसा किंवा आश्रय दिला, विरोध केला: या पाच वेगळ्या गोष्टी आहेत आणि एकावरून दुसरी सिद्ध होत नाही. डार्विन यांचंच घ्या. 1849मध्ये ते इंग्लंडमधल्या माल्व्हर्नला डॉ. गली यांच्याकडे जलोपचारासाठी गेले. गली त्यांना दिवसातून तीनदा होमिओपॅथीची औषधंही देत. बहिणीला लिहिलेल्या पत्रात डार्विन सांगतात, की औषधं मुकाट्यानं घेतो, पण कणभरही श्रद्धा नाही. पुढच्याच वर्षी चुलतभाऊ फॉक्स यांना लिहिताना तर होमिओपॅथीच्या नावानं आपल्याला राग येतो, इतक्या सूक्ष्म मात्रेचा परिणाम होत असेल तर अक्कल आणि निरीक्षण दोन्ही गुंडाळून ठेवावी लागतील, असा त्यांचा सूर आहे. तेव्हा ‘औषध घेतलं’ हे खरं, ‘मानलं’ हे खोटं. आणि ‘त्यानं बरे झाले’ असं म्हणायलाही आधार नाही, कारण त्याच दिवसांत ओल्या चादरींत गुंडाळणं, थंड पाण्याचा मारा, पथ्य, चालणं आणि कामाला सक्तीची सुट्टी हे सगळं एकत्र चालू होतं. कुठल्या एकाला श्रेय द्यायचं?

बंगाली समाजसुधारक ईश्वरचंद्र विद्यासागर यांचं क्रियापद निराळं. आजच्या झारखंडातल्या कर्माटांडला राहत असताना ते स्वतः गोरगरीब संथाळांना होमिओपॅथीची औषधं देत. अमेरिकी तेलसम्राट रॉकफेलर यांच्या बाबतीत तर दोन क्रियापदं दोन दिशांना जातात: त्यांचे खासगी डॉक्टर, हॅमिल्टन बिगर (Biggar) नावाचे, होमिओपॅथ होते, पण त्यांचा पैसा 1901मध्ये ज्या वैद्यकीय संशोधन संस्थेत गेला ती होमिओपॅथीवर नव्हे, तर प्रयोगशाळेतल्या संशोधनावर उभी होती. दोन्ही लिहा. एकच निवडणं ही वाचकाची फसवणूक आहे.

तिसरं काम मूळ कागद गाठण्याचं. डार्विन यांची सुमारे 15,000 पत्रं केंब्रिजच्या प्रकल्पानं इंटरनेटवर शोधण्याजोगी ठेवली आहेत. गांधीजींचं समग्र वाङ्मय इंग्रजीत 100 खंडांत, तारखांच्या क्रमानं लावलेलं आहे. तेही इंटरनेटवर मिळतं. ‘अहिंसक उपचार’वालं वाक्य जिथे दिसेल तिथे तारीख आणि प्रसंग मागा. ते मिळेपर्यंत वाक्य छापू नका.

जुन्या इंग्रजी कागदांत शोधताना एक अडचण हमखास येते. या शब्दाची तीन स्पेलिंगं आहेत: ‘एम’नंतर ‘ओ’ आणि ‘ई’ सुटे, तेच दोन जोडून एक अक्षर, आणि नुसता ‘ई’. शिवाय स्कॅन वाचणारं सॉफ्टवेअर ते जोडाक्षर बऱ्याचदा ‘सी-ई’ असं वाचतं. चारही रूपं घालून शोधा. एकाच रूपानं शोधून ‘उल्लेखच नाही’ असा निष्कर्ष काढणं ही नेहमीची चूक आहे.

अवतरण खरं असलं तरी ते कोणत्या वर्षीचं आहे तेही बघावं लागतं. महेंद्रलाल सरकार हे याचं सर्वोत्तम उदाहरण. 1863मध्ये कलकत्ता मेडिकल कॉलेजमधून एम.डी. झालेले हे डॉक्टर आधी होमिओपॅथीचे कडवे टीकाकार होते. 1867मध्ये त्यांनी वैद्यकीय सभेत उभं राहून जाहीरपणे होमिओपॅथीची बाजू घेतली. वर्ष न देता त्यांचं वाक्य उचललं तर ते कोणत्याही बाजूनं वापरता येतं. हेच सरकार 1885पासून रामकृष्ण परमहंसांवर उपचार करत होते. परमहंसांच्या संवादांची नोंद असलेल्या ‘कथामृता’त त्या भेटी तारीखवार नोंदलेल्या आहेत, इतका भक्कम पुरावा क्वचित मिळतो. पण तो उपचार झाल्याचा पुरावा आहे. घशाच्या कर्करोगानं परमहंसांचं ऑगस्ट 1886मध्ये निधन झालं. मोठ्या माणसानं औषध घेतलं यावरून औषध लागू पडतं की नाही हे कळत नाही, आणि यादीत शंभर नावं असली तरी कळणार नाही.

नावांच्या साधर्म्याकडेही लक्ष ठेवा. 1849मध्ये लंडनचं होमिओपॅथिक रुग्णालय उभारणारे ते फ्रेडरिक क्विन. आणि 1881मध्ये ब्रिटनचे माजी पंतप्रधान डिझरायली शेवटच्या आजारात असताना, त्यांचे डॉक्टर किड हे होमिओपॅथ आहेत म्हणून किड यांच्याबरोबर सल्लामसलत करायला आधी तयार नसलेले डॉक्टर ते रिचर्ड क्वेन. एक अक्षर इकडचं तिकडे झालं की बाजूच पालटते.

प्रत्येक नावाची एक चिठ्ठी करा: जन्म-मृत्यूची सालं, एकच क्रियापद, तारीख आणि गाव, डॉक्टरचं नाव, मूळ कागद. शेवटची जागा रिकामी राहिली तर नाव गाळा. मूळ कागद म्हणजे पत्रच असलं पाहिजे असं नाही. इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज यांची होमिओपॅथीची आवड दाखवायला घोड्यांच्या शर्यतीची नोंदही चालते: त्यांच्या घोडीचं नाव होमिओपॅथीतल्या औषधावरून ‘हायपेरिकम’, आणि 1946ची ‘वन थाउजंड गिनीज’ ही शर्यत तिनं जिंकली.