अर्जात 'व्हेंडेटा' लिहिण्याआधी

फोंड्याला आमच्या वाड्यावर इंग्रजी अर्ज लिहायचा म्हटला की लोक माझं दार ठोठावतात. पाऊस सुरू होण्याआधी एक शेजारी काका आले. बाजूच्या माडाचे नारळ त्यांच्या छपरावर पडून चार कौलं फुटली होती आणि पंचायतीत तक्रार द्यायची होती. सगळं सांगून झाल्यावर म्हणाले, "आणि शेवटी घाल बाबा, पर्सनल व्हेंडेटा. पेपरात रोज असतं."

"काका, नारळ त्यानं पाडले की आपोआप पडले?"

"आपोआपच. पण पाडेकराला बोलाव म्हटलं तर बोलावत नाही ना!"

शेजाऱ्याचा आळस झाला हा. व्हेंडेटा, म्हणजे सूडाने मागे लागणं, नव्हे. हा शब्द अंगावर यायला वजनदार असल्यामुळे कुठेही घालावासा वाटतो, म्हणून मी कुणाच्याही अर्जात तो उतरवण्याआधी तीन गोष्टी विचारतो.

आधी दिशा बघा

वार दोन्हीकडून होतात की एकाच बाजूने? भावाभावांत बांधावरून जुंपली आहे, हा त्याची पायवाट अडवतो, तो याचं पाणी तोडतो, तर ती आपली भाऊबंदकी. तिला इंग्रजीत 'फ्यूड'. अमेरिकेतलं हॅटफील्ड आणि मॅकॉय घराण्यांचं वैर हे त्याचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण. वेस्ट व्हर्जिनिया आणि केंटकी यांच्या सीमेवर १८७८ मध्ये एका डुकराच्या मालकीवरून खटला झाला आणि पुढे वर्षानुवर्षं दोन्हीकडची माणसं मरत राहिली. डुकरावरून! आपल्या वाड्यावरच्या फणसाच्या भांडणांना मी त्यानंतर कधी हसलो नाही. (भाटकारशाहीला, म्हणजे आमच्याकडच्या जमीनदारीला, 'फ्यूडल' म्हणतात, त्या शब्दाशी या 'फ्यूड'चं काही नातं नाही. दिसायला सारखे, कूळ वेगळं.)

व्हेंडेटा मात्र आजच्या वापरात बहुधा एकतर्फी असतो. एकजण मागे लागलेला, दुसरा सोसणारा. निदान अर्ज लिहिणाऱ्याचं म्हणणं तरी तसं असतं.

मग मोजा

एकदाच उट्टं काढलं तर तो 'रिव्हेंज', म्हणजे सूड. मनात डूख धरून बसलाय पण हातून काही केलेलं नाही, तर 'ग्रज'. व्हेंडेटाला मालिका लागते: आधी नळाची तक्रार, मग कुंपणाची, मग मुलाच्या दुकानाच्या परवान्याची. तारखा सांगता आल्या पाहिजेत. दोनच घटना असतील तर मी तो शब्द लिहीत नाही, कुणी कितीही रागावलं तरी.

तिसरा प्रश्न हेतूचा, आणि तिथेच बहुतेक जण अडतात. व्हेंडेटा म्हणणं म्हणजे समोरच्याच्या मनात शिरून 'याला कायद्याची चाड नाही, याला मीच खुपतो' असं ठामपणे सांगणं. ते कशावरून, याचं उत्तर नसेल तर 'डिस्प्यूट', म्हणजे वाद, लिहावं. पुळचट वाटतो हा शब्द, पण खरा असतो.

मुळात रक्ताचा

शब्द इटालियन, त्याच्या मागे लॅटिनमधला 'विन्दिक्ता', म्हणजे सूड. कॉर्सिका, सार्डिनिया, सिसिली या बेटांवर घरातल्या माणसाचा खून झाला की मारेकऱ्याच्या घराण्यातल्या कुणाचा तरी बळी घेणं हे नातलगांचं कर्तव्य मानलं जाई, त्या रीतीचं हे नाव. एकोणिसाव्या शतकात इंग्रजीने ते उचललं आणि हळूहळू त्यातलं रक्त धुवून निघालं. आता ऑफिसातला साहेब रजा नाकारतो त्यालाही लोक व्हेंडेटा म्हणतात. पोर्तुगीज शाळेत गेलेल्या आमच्याकडच्या जुन्या माणसांना 'विंगान्सा' ठाऊक असतो. तो त्याच लॅटिन घरातला. 'व्हिंडिक्टिव्ह' म्हणजे खुनशी, तोही त्यांचाच भाऊबंद.

वाक्यात बसवताना

इथे मराठी आपल्याला दगा देते. आपण 'त्याचं माझ्याशी वैर आहे' म्हणतो आणि त्या 'शी'चा 'विथ' करून मोकळे होतो. 'फ्यूड'ला 'विथ' चालतो, दोघांमधला म्हणायचा तर 'बिटवीन', आणि कशावरून ते सांगायला 'ओव्हर'. व्हेंडेटाला 'अगेन्स्ट' लागतो: 'ही हॅज ए व्हेंडेटा अगेन्स्ट मी'. 'ही इज हॅविंग' नको. जोर द्यायचा तर 'वेजिंग ए व्हेंडेटा', म्हणजे युद्ध पुकारावं तसं वैर चालवणं. 'ए' विसरू नका. उच्चारात जोर मधल्या 'डे'वर. अनेकवचन साधं, शेवटी 'ज' लावून.

'पर्सनल' हे विशेषण शब्दाला जवळजवळ चिकटलेलंच असतं. दुसरं 'पोलिटिकल'. पणजीत काय किंवा दिल्लीत काय, सरकार बदललं आणि जुन्या फायली उघडल्या की विरोधक 'पोलिटिकल व्हेंडेटा' म्हणतात आणि सत्ताधारी 'कायदा आपलं काम करतोय' म्हणतात. पुढच्या निवडणुकीनंतर दोघं वाक्यांची अदलाबदल करतात. मराठी पेपर यालाच सूडाचं राजकारण म्हणतात. बातमी वाचताना एवढंच बघा की शब्द कुणाच्या तोंडी आहे. चांगला बातमीदार तो नेत्याच्या अवतरणात ठेवतो, स्वतःच्या वाक्यात घेत नाही.

पोलीस किंवा कोर्टाचा कागद असेल तर

तिथे हा शब्द स्वतः घालू नका, वकिलावर सोडा. हरियाणातले राजकारणी भजनलाल यांच्या प्रकरणाच्या १९९० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी कारवाई कधी रद्द करता येईल याचे सात प्रकार सांगितले. सातवा प्रकार सूड उगवायला, खाजगी आकसापोटी रचलेल्या कारवाईचा, आणि तिथे शब्द आलेत 'व्हेन्जन्स' आणि 'प्रायव्हेट अँड पर्सनल ग्रज'. वकील तेच शब्द पुढे करतात, कारण त्यांना निकालाचा आधार आहे.

काकांच्या अर्जात शेवटी आम्ही माड किती वाकलाय, कौलं कधी फुटली, शेजाऱ्याला तोंडी किती वेळा सांगितलं एवढंच लिहिलं. काकांनी वाचलं, चष्मा काढला.

"मग व्हेंडेटा नाहीच?"

"नाही."

"बरं," म्हणाले, सही करता करता थांबले. "चार कौलांच्या जागी सहा लिहिली तर चालेल काय रे?"