‘बाय’ म्हणजे ‘ने’ नव्हे : या चुका टाळा

शिकवणीला येणारा नवा विद्यार्थी बहुतेक वेळा एक तक्ता घेऊनच येतो. इन म्हणजे मध्ये, ऑन म्हणजे वर, टू म्हणजे ला, बाय म्हणजे ने. कुठल्या तरी व्हिडिओत ‘सगळी प्रिपोझिशन्स एका बैठकीत’ म्हणून तो वाटलेला असतो. तक्ता मी फाडायला लावत नाही, फक्त ‘बाय’ची ओळ खोडायला लावतो. बाकीच्या ओळी बऱ्याचदा वेळ मारून नेतात. ही ओळ कामाच्या पत्रात दगा देते, आणि तोही कुणाच्या लक्षात न येता.

आपल्याला शाळेतली तृतीया पाठ असते : ने, ए, शी. हा ‘ने’ मराठीत भलताच कामसू आहे. रामाने मारलं, काठीने मारलं, तापाने हैराण झाला, बसने गेला, भाव दहाने वाढला, सगळीकडे तोच. इंग्रजीत ही कामं वेगवेगळ्या शब्दांकडे आहेत. शिवाय ‘बाय’कडे अशीही कामं आहेत ज्यांच्याशी ‘ने’चा काही संबंध नाही : मुदत सांगणं, शेजार दाखवणं, लांबी-रुंदी सांगणं. (कोकणातली ‘गो बाय’ वेगळी, तिचा यात काही दोष नाही.)

‘पर्यंत’चा घोळ

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक ही, म्हणून तिच्यावरच जास्त वेळ घालवतो.

कोल्हापूरकडच्या एका फाउंड्रीत निर्यातीचा पत्रव्यवहार बघणारा एक मुलगा माझ्याकडे यायचा. हुशार, पण घाईचा. इंग्लंडमधल्या खरेदीदाराला त्याने लिहिलं : ‘वुई विल डिस्पॅच द कास्टिंग्ज टिल फिफ्टीन्थ मार्च.’ त्याच्या मनात होतं, १५ मार्चपर्यंत माल रवाना होईल. वाचणाऱ्याने अर्थ घेतला, माल पाठवणं १५ मार्चपर्यंत चालू राहणार आहे, म्हणजे ते सुरू झालेलं दिसतंय. त्याने सभ्यपणे विचारलं, आतापर्यंत गेलेल्या लॉटची कागदपत्रं पाठवता का? आमच्या गड्याला वाटलं, साहेब उगाच घाई करतोय. त्याने जरा ताठ उत्तर दिलं : माल अजून निघालेला नाही, आम्ही आधीच ‘टिल फिफ्टीन्थ’ सांगितलंय. झालं. तिकडे समज झाला की सुरू झालेलं काम बंद पडलं. मग वरच्या माणसांना जोडून मेल सुरू झाल्या, भट्टी बंद आहे का, दुसरा पुरवठादार बघायचा का, असले प्रश्न आले. शेवटी मालकांनी फोन उचलला आणि म्हणाले, ‘सर, फिफ्टीन्थ मार्च लास्ट डेट. बिफोर दॅट, ऑल गोइंग.’ व्याकरणाच्या नावाने शून्य, पण प्रकरण तिथेच मिटलं. ‘लास्ट डेट’ आणि ‘बिफोर’ या शब्दांना दुसरा अर्थच नव्हता.

खरेदीदार जर्मन असता तर कदाचित निभावलंही असतं. त्यांच्या ‘बिस’मध्ये आपल्या ‘पर्यंत’सारखेच दोन्ही अर्थ राहतात. इंग्रजीने मात्र घर वाटून घेतलंय : मुदतीच्या आत एकदाच घडायची गोष्ट असेल तर ‘बाय’, तोवर चालूच राहणारी असेल तर ‘टिल’ किंवा ‘अन्टिल’.

यावर माझा उपाय पुस्तकी नाही. वाक्य मराठीतच ठेवायचं, ‘पर्यंत’ काढायचं आणि तिथे ‘च्या आत’ घालून बघायचं. ‘काम नऊपर्यंत संपेल’ याचं ‘काम नऊच्या आत संपेल’ झालं, वाक्य ठणठणीत आहे, म्हणून ‘बाय नाइन’. ‘दुकान नऊपर्यंत उघडं असतं’ याचं ‘दुकान नऊच्या आत उघडं असतं’ झालं की कान टवकारतात, म्हणून ‘टिल नाइन’. ज्यांना नियमाची व्याख्या पाठ आहे ते परीक्षेत पास होतात. ही अदलाबदल ज्यांच्या तोंडात बसते ते मेल नीट लिहितात.

नकार आला की खरी मजा. ‘आय वोन्ट बी डन बाय फ्रायडे’ म्हणजे शुक्रवार उजाडून मावळला तरी माझं काम झालेलं नसेल. ‘आय वोन्ट बी डन अन्टिल फ्रायडे’ म्हणजे शुक्रवारी होईल, त्याआधी विचारू नका. मराठीत दोन्ही ‘शुक्रवारपर्यंत होणार नाही’. एका वाक्याने साहेब निश्चिंत होतो, दुसऱ्याने चिडतो, आणि कुठल्या वाक्याने काय होणार हे लिहिणाऱ्यालाच माहीत नसतं.

याच कुटुंबातली आणखी दोन भावंडं. ‘मी पोहोचेपर्यंत गाडी सुटली होती’ याचं सर्रास ‘टिल आय रीच्ड’ केलं जातं. तिथे ‘बाय द टाइम आय रीच्ड, द ट्रेन हॅड लेफ्ट’ हवं. पुढच्या काळाबद्दल बोलताना ‘बाय द टाइम आय विल रीच’ असंही करू नका, ‘विल’ तिथे लागत नाही, ‘बाय द टाइम आय रीच’ पुरतं. आणि ‘आत्तापर्यंत तो घरी पोहोचला असेल’ मधला ‘आत्तापर्यंत’ म्हणजे ‘बाय नाउ’. ‘टिल नाउ’ वापरण्याचा मोह आवरा. ‘अजून आला नाही’ला तर या दोन्हींची गरज नाही, ‘ही हॅजन्ट कम येट’ म्हणा आणि मोकळे व्हा.

‘बाय फ्रायडे’मध्ये शुक्रवार धरायचा की नाही, हे हमखास विचारलं जातं. सर्वसाधारणपणे धरायचा. पण शुक्रवारी दुपारी की मध्यरात्री, आणि कुणाच्या घड्याळाने, हे त्या दोन शब्दांत नसतं. अमेरिकेतल्या ग्राहकाचा शुक्रवार संपतो तेव्हा आपला शनिवार निम्मा सरत आलेला असतो. म्हणून मी तारीख, वेळ आणि पुढे ‘आयएसटी’ असं तिन्ही लिहायला लावतो. सरकारी नोटिसांमधला ‘ऑन ऑर बिफोर’ रुक्ष वाटतो खरा, पण त्यावरून भांडण होत नाही.

‘ने’ आणि ‘वर’ : पैशाचा मामला

किंमत कमी केली हे सांगताना ‘बाय’ आणि ‘टू’ यांची अदलाबदल करणारे लोक स्वतःच्या खिशाला कात्री लावतात. पुण्यातल्या एका फर्निचरवाल्याने २४,००० रुपयांचं डायनिंग टेबल १८,००० ला द्यायचं ठरवलं आणि ग्राहकाला मेसेज केला : ‘प्राइस रिड्यूस्ड बाय एटीन थाउजंड.’ ग्राहक सहा हजार रुपये घेऊन हजर. त्यालाही खरा अर्थ कळला होता, त्याच्या चेहऱ्यावर दिसतच होतं. पण लेखी आहे म्हटल्यावर सोडतोय कशाला? पुढचा अर्धा तास जे झालं त्याला संभाषण म्हणत नाहीत. मला निवाड्याला बोलावलं होतं. मेसेज वाचून मी ग्राहकाच्या बाजूने कौल दिला, तेव्हापासून त्या दुकानात मला चहा मिळत नाही.

इथे मराठी उलट तुमच्या मदतीला आहे, फक्त तिचं ऐका. ‘१८ हजारांनी’ कमी केली असेल तर ‘बाय’, ‘१८ हजारांवर’ आणली असेल तर ‘टू’. ‘ने’ म्हणजे ‘बाय’ हे समीकरण जिथे खरोखर जुळतं अशा मोजक्या जागांपैकी ही एक, आणि नेमकं इथेच लोक ते विसरतात.

टक्केवारीत एक पायरी पुढची चूक आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर ६.५० टक्क्यांवरून ६.२५ वर आणला. बोलताना आपण ‘पाव टक्क्याने कमी’ म्हणतो, समोरच्याला कळतं. इंग्रजीत लिहिताना मात्र ‘बाय ०.२५ पर्सेंट’ लिहू नका. त्याचा काटेकोर अर्थ मूळ दराच्या पाव टक्का इतकी घट असा निघतो, आणि ती फारच किरकोळ असते. ‘बाय २५ बेसिस पॉइंट्स’ (दर ६.५० चा ६.४९ झाला की तो एक बेसिस पॉइंट) किंवा ‘बाय अ क्वार्टर ऑफ अ पर्सेंटेज पॉइंट’ लिहायचं. बँकेच्या मुलाखतीला जाणाऱ्यांनी हे तरी चुकवू नये.

चोराने, किल्लीने

‘चोराने कुलूप किल्लीने उघडलं.’ दोन ‘ने’. इंग्रजीत पॅसिव्ह करताना चोराला ‘बाय’ आणि किल्लीला ‘विद’ : ‘द लॉक वॉज ओपन्ड बाय द थीफ विद अ की.’ करणारा आणि हत्यार यांत इंग्रजी भेद करतं. ‘द लेटर वॉज रिटन बाय अ पेन’ असं लिहिलंत, तर पेनानेच बसून पत्र लिहिलं असा अर्थ होतो.

पॅसिव्हवरून आणखी एक सवय मोडायची आहे. शाळेत ‘चेंज द व्हॉइस’ करताना शेवटी ‘बाय मी’, ‘बाय हिम’ लावलं नाही तर गुण जायचे, म्हणून मोठेपणीही लोक ‘माय वॉलेट वॉज स्टोलन बाय समवन’ लिहितात. पाकीट कुणीतरीच चोरणार, ते काही आपोआप चोरीला जात नाही. ‘बाय समवन’, ‘बाय पीपल’ दिसलं की मी लाल रेघ मारतो.

वाहनं, आणि चालणं

‘बाय बस’, ‘बाय ट्रेन’, ‘बाय एसटी’. मध्ये ‘द’ नको, ‘माय’ नको. वाहन कुणाचं ते सांगायचं झालं की ‘बाय’ सुटतो : ‘इन माय कार’, ‘ऑन माय अंकल्स स्कूटर’. आणि ‘बाय वॉक’ असं काही नाही. ‘ऑन फुट’ म्हणा, किंवा सरळ ‘आय वॉक्ड’. हे इतक्यांदा सांगितलंय की आता मी नुसती भुवई उंचावतो.

एका ओळीत संपणाऱ्या

‘कविता बायहार्ट कर’ हे मराठीत चालू द्या, घरचंच आहे. इंग्रजीत मात्र ‘आय बायहार्टेड इट’ नाही, ‘आय लर्न्ड इट बाय हार्ट’.

‘ट्वेंटी-फोर बाय सेव्हन’ आपल्याकडे सगळे म्हणतात; बाहेर ‘ट्वेंटी-फोर सेव्हन’ म्हणतात, मधला तिरका दांडा कुणी वाचत नाही. तोच प्रकार भागाकाराचा. आपल्या वर्गात ‘सिक्स बाय थ्री’ म्हणजे दोन. ब्रिटन-अमेरिकेत तेच ऐकून सहा फूट लांब, तीन फूट रुंद असं काहीतरी डोळ्यांपुढे येतं, जसं आपल्याला ‘दहा बाय दहाची खोली’ म्हटल्यावर येतं. तिकडच्या शाळेत मुलाचा अभ्यास घेत असाल तर ‘सिक्स ओव्हर थ्री’ किंवा पूर्ण ‘डिव्हायडेड बाय’ म्हणा. हॉटेलात ‘वन बाय टू सूप’ खुशाल मागा, फक्त लंडनमध्ये नको.

‘बाय माय ओन’ चूक. ‘ऑन माय ओन’ किंवा ‘बाय मायसेल्फ’. दोहोंची खिचडी करू नका.

‘स्टँड बाय’ जपून वापरा. ‘आय स्टूड बाय हिम’ म्हणजे मी त्याच्या पाठीशी राहिलो, ‘आय स्टूड बाय’ म्हणजे मी नुसता बघत उभा राहिलो. ‘हिम’ गळलं की मैत्री गेली.

‘बाय द वे’ने मुख्य मुद्दा सुरू करू नये. पगारवाढ मागताना ‘बाय द वे’ लिहिणाऱ्याला उत्तरही जाता जाताच मिळतं. ‘बाय अँड लार्ज’चा मात्र वाटेशीही संबंध नाही आणि आकाराशीही, हा शिडाच्या जहाजांवरचा शब्द. वाऱ्याच्या तोंडाशी जवळीक ठेवून जाणं म्हणजे ‘बाय’, वारा पाठीशी घेऊन जाणं म्हणजे ‘लार्ज’. दोन्ही रीतींनी नीट चालणारं जहाज, त्यावरून ‘एकंदरीत’.

स्पेलिंग

निरोपाच्या ‘बाय’ला शेवटी ‘ई’ आहे. ‘गॉड बी विद यी’ आक्रसत आक्रसत ‘गुडबाय’ झाला, त्याची ही शेपटी. व्हॉट्सअॅपवर ‘ओके’पुढे बिन-ईचा ‘बाय’ लिहिणारे वाक्य अर्धवट सोडतात आणि मी पुढचा शब्द येण्याची वाट बघत बसतो. खरेदीच्या ‘बाय’मध्ये ‘यू’ असतो हे दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्यांना कुणीतरी सांगायला हवं. क्रिकेटमधली बाय, जिच्यासाठी पंच उघडा पंजा डोक्यावर नेतो, तीही ‘ई’वालीच.

पण पोटनिवडणूक आणि सोसायटीचे बायलॉज यांच्या वाटेला जाऊ नका. ब्रिटनमध्ये निवडणुकीचा ‘बाय’ ‘ई’ न लावता लिहितात, आपला निवडणूक आयोग ‘ई’ लावतो, आणि महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या उपविधींच्या इंग्रजी प्रतीवरही ‘ई’ असतो. दोन्ही रूपं जुनी आहेत, दोन्ही चालतात. व्हायकिंग लोकांच्या भाषेत गावाला किंवा वस्तीला ‘बी’सारखा शब्द होता. डर्बी, ग्रिम्सबी या गावांच्या नावांत तो अजून आहे, आणि बायलॉचं मूळही बरेच अभ्यासक तिथेच धरतात : गावापुरता कायदा. तेव्हा वार्षिक सभेत उठून तो ‘ई’ खोडायची सूचना मांडू नका. पार्किंगचा विषय त्याच्या आधी आहे, आणि तो संपणार नाही. ना ‘बाय’ नऊ, ना ‘टिल’ नऊ.