रोजच्या जगण्यावर हलकेफुलके मनन कसे तयार करावे

कौटुंबिक प्रार्थनेत, तरुणांच्या सभेत किंवा उपासनेच्या आरंभी पाच मिनिटांचे मनन, म्हणजे बायबलमधील वचनावर आधारित छोटेसे बोलणे, सादर करण्याची जबाबदारी ज्यांच्यावर येते, ते माझ्याकडे, ख्रिस्ती मंडळीच्या पाळकाकडे (धर्मगुरूकडे), बहुधा एकच शंका घेऊन येतात: देवाच्या वचनाविषयी बोलताना ऐकणाऱ्यांना हसवावे का? माझे उत्तर असे की, हसू वचनातूनच उमटत असेल तर ते निःसंकोच उमटू द्यावे. ते बाहेरून आणून चिकटवावे लागत असेल, तर मनन गंभीर राहिलेलेच बरे.

म्हणून आधी शास्त्रपाठ, म्हणजे बायबलमधील उतारा, निवडावा आणि घरातला, कामावरचा किंवा रस्त्यावरचा प्रसंग नंतर शोधावा. हा क्रम उलटला की एखादा मजेदार किस्सा सांगून झाल्यावर त्याला कसेबसे एक वचन जोडले जाते, आणि ऐकणाऱ्याला ते लगेच जाणवते. निवडलेला उतारा सावकाश, मोठ्याने वाचावा आणि त्यात कोण गोंधळले आहे, कोणाला घाई झाली आहे, कोण रुसून बसले आहे, हे पाहावे. म्हातारपणी मूल होईल हे ऐकून तंबूच्या दाराआड हसणारी अब्राहामाची पत्नी सारा, गाढवीशी हुज्जत घालणारा बलाम, सावली देणारे झाड सुकले म्हणून मरण मागणारा संदेष्टा योना, ही सारी माणसे पवित्र शास्त्रात आपल्या सगळ्या मनुष्यपणासह उभी आहेत. त्यांच्याकडे पाहून येणारे हसू वचनाचा अपमान करीत नाही, कारण त्यांच्यात आपण स्वतःला ओळखलेले असते.

नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या अध्याय 12 मधील प्रसंग मी नवशिक्यांना नेहमी सरावासाठी देतो. हेरोद राजाने येशूचा शिष्य पेत्र याला तुरुंगात टाकले आहे, पहाऱ्यावर चार-चार शिपायांच्या चार तुकड्या आहेत, आणि मंडळी, म्हणजे विश्वासणाऱ्यांचा समुदाय, त्याच्यासाठी एकाग्रतेने प्रार्थना करीत आहे. देवदूत त्याला सोडवतो. पेत्र मरीया नावाच्या एका विश्वासू स्त्रीच्या घरी येऊन दार ठोठावतो, तेव्हा रुदा नावाची मुलगी त्याचा आवाज ओळखते आणि आनंदाच्या भरात दार न उघडताच आत धावते. आत प्रार्थना करणारे लोक तिला म्हणतात की, तू वेडी आहेस. ती ठामपणे सांगत राहते, तेव्हा म्हणतात की तो त्याचा दूत असेल. तुरुंगातून बाहेर पडताना लोखंडी दरवाजा ज्याच्यासाठी आपोआप उघडला, तो पेत्र विश्वासणाऱ्यांच्या दारापाशी ठोठावत उभा राहतो! येथे विनोद रचावा लागत नाही. घटना क्रमाने सांगितली तरी पुरते. मग एवढेच विचारावे: आजाऱ्यासाठी, नोकरीसाठी, तुटलेल्या नात्यासाठी आपण प्रार्थना करतो, आणि उत्तर दाराशी आल्यावर त्यावर विश्वास ठेवायला आपल्याला इतका वेळ का लागतो? हा प्रश्न विचारून थोडे थांबावे. हसून मोकळे झालेले मन तो प्रश्न टाळत नाही, असा माझा अनुभव आहे, आणि याच कारणासाठी मला हलकेफुलके मनन मोलाचे वाटते.

रोजच्या जीवनातील प्रसंग निवडताना मात्र कठोर शिस्त हवी. कोणी विश्वासाने सांगितलेली गोष्ट, नाव बदलूनसुद्धा, मननात आणू नये. पती, पत्नी किंवा मुलांविषयी बोलायचे असल्यास त्यांची परवानगी आधी घ्यावी, आणि मूल लहान असले तरी त्याला विचारावे. कोणाचे दारिद्र्य, आजार, रूप किंवा बोलण्याची लकब हा हसण्याचा विषय नाही. शेजाऱ्याला फसवून ‘मी थट्टा केली’ म्हणणाऱ्याची तुलना बायबलमधील ‘नीतिसूत्रे’ या पुस्तकाच्या अध्याय 26 मध्ये कोलिते आणि बाण फेकणाऱ्या वेड्याशी केली आहे, ती लक्षात ठेवावी.

लांबीबाबत युतुखाची आठवण पुरेशी आहे. त्रोवस या शहरात प्रेषित पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला, तेव्हा खिडकीत बसलेला हा तरुण गाढ झोपेत तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. देवाच्या कृपेने तो जिवंत झाला. आपण मात्र एक उतारा, एक प्रसंग आणि एक प्रश्न यांपलीकडे जाऊ नये.

त्या आठवड्यात मंडळीत कोणाचा मृत्यू झाला असेल, तर तयार केलेले मनन बाजूला ठेवावे. शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा, असे पौल रोम येथील मंडळीला पत्रात लिहितो, आणि खिन्न मनापुढे गाणी गाण्याविरुद्ध नीतिसूत्रे 25 मध्ये स्पष्ट इशारा आहे. मनन पुढच्या वेळीही उपयोगी पडेल.

लिहून झाल्यावर ते घरातील एखाद्याला वाचून दाखवावे आणि दुसऱ्या दिवशी त्याला काय आठवते, हे विचारावे. त्याला केवळ किस्सा आठवत असेल आणि उतारा आठवत नसेल, तर किस्सा अर्ध्यावर आणावा आणि उताऱ्यातील व्यक्तीला अधिक जागा देऊन मनन पुन्हा लिहावे.